डाव्या कौलाची गोळी

माझा श्वास संपला तेव्हा ओव्हर संपायची होती.

हे विनोद म्हणून सांगत नाही, जसं घडलं तसं सांगतोय. आमच्या नागावला भात कापून झालं की शेतं मोकळी होतात आणि त्या शेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. त्यांचं समालोचन करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. धंद्याने मी वाडीवाला. नारळ-सुपारीची वाडी, तिच्यात पर्यटकांसाठी दोन खोल्या, आणि त्यांच्या जेवणखाणाचं सगळं माझी बायको सुलभा बघते. पण माइक हातात आला की माझ्यातला वाडीवाला मचाणाखाली उतरतो आणि वर कुणी दुसराच बसतो. घरात मला कुणी बोलू देत नाही, त्याचा सगळा हिशेब मी तिथे चुकता करतो.

त्या दिवशी बॉलर धावत निघाला, मी "आणि हा आला, आला, आला" म्हणून वरचा सूर लावला, आणि पुढचा शब्द निघेना. छातीत उजवीकडे कळ आली, सुरी फिरावी तशी. फलंदाजाने षटकार मारला. मैदानभर आरडाओरडा. मचाणावर मात्र सामसूम. शेजारी धावफलक सांभाळायला रेवदंड्याचा याकूब बसला होता, माझा जुना दोस्त. तो आधी चिडला.

"अरे बोल ना, सिक्स गेला!"

मग त्याने माझं तोंड पाहिलं. "या अल्ला," म्हणाला, माइक माझ्या हातातून काढून घेतला आणि मैदानाला म्हणाला, "खेळ थांबवा. विलासला श्वास येत नाही. गाडी आणा."

लोक हसले. त्यांना वाटलं, माझं नवीन नाटक. माझी ख्यातीच तशी आहे. याकूबने पुन्हा ओरडून सांगितलं तेव्हा कुठे दोन पोरं शिडी चढून वर आली.

निदान

अलिबागला ऑक्सिजन लावला आणि तिथून थेट मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे छातीचं स्कॅनिंग झालं. एक तरुण डॉक्टर पलंगाशी आला आणि म्हणाला, "काका, रक्ताची गुठळी झाली होती पायात. ती सुटून फुफ्फुसात गेली."

पाय! तो तर मी विसरूनच गेलो होतो. त्या आठवड्यात डावी पोटरी सुजली होती, दुखत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहायचं, पाणी प्यायचं नाही, कारण पाणी प्यालं की शिडी उतरावी लागते. मला वाटलं, गोळा आला असेल. रोज संध्याकाळी सुलभा गरम खोबरेल तेल घेऊन पोटरी चोळून द्यायची. हात तिचा भक्कम. नारळ सोलणारा हात आहे तो.

डॉक्टरने विचारलं, "पाय चोळला होता का कुणी?"

मी तेवढ्यातही अभिमानाने म्हणालो, "बायकोने. चांगला जोर लावून."

"असा पाय चोळायचा नसतो," तो म्हणाला आणि पुढच्या पलंगाकडे गेला.

हे वाक्य मी तिथल्या तिथे विसरलो. सुलभा दारात उभी होती. ती विसरली नाही. पण हे मला कळायला फार वेळ लागला.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सगळे सारखेच. पहाटे रक्त काढायला येणारी पोरगी, पोटात इंजेक्शन, चहा, राउंड, पोटात इंजेक्शन. पोटावर निळे-जांभळे डाग पडले, करवंदं चिरडल्यासारखे. भीती कशाची वाटत होती म्हणाल, तर श्वासाची. इतकी वर्षं हा प्राणी आपणहून येत-जात होता, मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता प्रत्येक श्वास आत गेला की मी वाट पाहायचो, परत येतो का.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा आवाज फुटला तसा मी हळूच सुरू झालो. "पॅव्हेलियन एन्डकडून येत आहेत सिस्टर, हातात लांब सुई, समोर पलंगावर घाबरलेला फलंदाज..." शेजारचा उरणचा म्हातारा इतका हसला की त्याचं सलाइन सुटलं. सिस्टरने मला दम दिला. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "काका, आज मॅच नाही का?" आजारपणात अशा गोष्टींची किंमत फार असते. औषधाच्या पुड्यांसारख्या त्या जपून ठेवाव्यात.

घरी आल्यावर रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. ही गोळी मोठी लहरी. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, पालेभाजी कमी-जास्त खायची नाही, दाढी करताना कापायचं नाही, दुखलं म्हणून मनाने दुसरी गोळी घ्यायची नाही. सुलभाने तिला देवघरातल्या दिव्यासारखं सांभाळलं. एक दिवस चुकू दिला नाही. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, बस्स, आता बंद. मला सुटका झाल्यासारखं वाटलं. सुलभाने विचारलं, "बंद केल्यावर पुन्हा झाली तर?"

डॉक्टर म्हणाले, "होऊ शकते. बहुतेकांना होत नाही."

त्यातला "बहुतेकांना" हा शब्द ती घरी घेऊन आली.

संमतीचं शूटिंग

म्हणूनच असेल, पुढच्या तपासणीला डॉक्टर सबनीस नावाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं तेव्हा माझ्यापेक्षा सुलभाच खुर्चीत पुढे सरकून बसली. बाई एका अभ्यासाचं काम पाहत होत्या. माझ्यासारखे लोक, ज्यांची जुनी गोळी बंद झाली आहे, त्यांना पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून एक नवीन गोळी उपयोगी पडते का, हे पाहायचं होतं. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. जखम झाली की ते धावत येतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. नको तिथे चिकटले की गुठळीला मदत करतात. नवीन गोळी त्यांना जरा शांत ठेवते, असा अंदाज.

"पण," बाई म्हणाल्या, "निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली ते संगणक ठरवणार. तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही."

"तुम्हालाही न्हाय?" सुलभाने विचारलं.

"मलाही नाही. कळलं तर मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेन. ज्याला खरी मिळते त्याला बरं वाटतंय असं मला उगाच दिसायला लागेल."

मला हे फार आवडलं. अहो, डॉक्टर स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवत नाही आणि तसं तोंडावर सांगते! सुलभाला मुळीच आवडलं नाही. घरात पैपाहुण्याच्या ताटात काय वाढलंय हे वाढणाऱ्याला माहीत नसावं, असा तिला त्यात वास आला. पण मी हो म्हणालो. खरं कारण सांगतो. मला बरं करणाऱ्या औषधांचा अभ्यासही कुणीतरी असाच आंधळेपणाने बसून केला असणार, असं मनात आलं. आणि दुसरं खरं कारण म्हणजे, संमतीचं चित्रीकरण होतं. कॅमेरा! नियमच आहे म्हणे, माणसाला नीट समजावलं आणि त्याने राजीखुशीने होकार दिला याचा पुरावा असावा लागतो.

मी केस विंचरले, खुर्ची सरळ केली आणि सुरू झालो. "मित्रहो, अष्टागराच्या या भूमीतून..."

अभ्यासाचं रोजचं काम बघणारी प्राजक्ता नावाची मुलगी कॅमेऱ्यामागून म्हणाली, "काका, कट. साधं बोला. समजलं का आणि चालेल का, एवढंच."

"समजलं आणि चालेल," मी म्हणालो. आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान समालोचन.

उजेडाची परीक्षा

दर वेळी गेलो की रक्त काढायचे आणि ते ताबडतोब प्रयोगशाळेत न्यायचे. एकदा मी हट्टाने आत जाऊन पाहिलं. तिथल्या बाईंनी दयाळूपणे दाखवलं. माझ्या रक्तातला लाल भाग खाली बसवून वरचं पिवळसर पाणी एका लहान नळीत घेतलं होतं. ते गढूळ दिसत होतं, कारण त्यात प्लेटलेट विखुरलेले असतात. नळीच्या एका बाजूने उजेड सोडतात. मग त्यात एक थेंब टाकतात, जखम झाली आहे असं प्लेटलेटना खोटंच सांगणारा. ते फसतात, धावतात, एकमेकांना बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि मधलं पाणी नितळ होतं. नितळ पाण्यातून उजेड आरपार जातो आणि पडद्यावर रेघ चढत जाते.

मी बघत राहिलो. माझेच कण, माझ्या शरीराबाहेर, मला वाचवायला धावत होते. जखम नव्हतीच. एका थेंबाने त्यांना तसं वाटलं, एवढंच.

"रेघ कशी आहे?" मी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," बाई हसून म्हणाल्या.

खरी की खोटी

आता गावात हे लपून राहणार होतं का? मीच राहू दिलं नाही. नाक्यावर, केळ्यांच्या वखारीत, सलूनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. लोकांना इतकी मजा वाटली की दोन पक्ष पडले. एक म्हणे विलासला खरी गोळी मिळते, कारण तो पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. दुसरा म्हणे खोटी, कारण तो पूर्वीइतकंच बोलतो. याकूब मला भेटला की विचारायचा, "काय रे, आज खडू खाल्लास की दवा?"

आणि मीही घरी येऊन पाटावर बसता बसता म्हणायचो, "सुलभे, आज खडूची भाजी काय केलीस?"

ती हसायची नाही. मला वाटायचं, तिला विनोद कळत नाही.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं. पण तुम्हाला गोंधळात ठेवण्यात मजा नाही, म्हणून आत्ताच सांगतो. सुलभा एका मंगळवारी गावदेवीच्या देवळात गेली आणि गुरवनानांना म्हणाली, कौल लावा. कौल म्हणजे देवीला प्रश्न विचारायचा. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, होडीचा मुहूर्त, सगळं तिला विचारतात. औषधाच्या अभ्यासाचं गुपित तिला विचारणारी सुलभा बहुधा पहिलीच.

गुरवनानांनी गाऱ्हाणं घातलं. "आई, ह्या लेकराच्या नवऱ्याची गोळी खरी असंल तर उजवी दे, खोटी असंल तर डावी दे."

डावी पडली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सकाळच्या पेजेत पूर्वीची, बंद झालेली, रक्त पातळ करणारी गोळी कुटून पडायला लागली. उरलेल्या गोळ्या डब्यात होत्याच. त्या संपल्यावर तिने जुनी चिठ्ठी दाखवून ओळखीच्या दुकानातून आणखी आणल्या. मी पेज भुरकत होतो आणि वर लोणच्याचं कौतुक करत होतो.

लाल

आधी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं. मी ब्रश बदलला. मग दाढी करताना हनुवटीला ओरखडा गेला आणि कापूस भिजून भिजून थांबेना. मग दंडावर, कुठे आपटलो ते आठवत नसताना, तळहाताएवढा काळानिळा डाग. मी सुलभाला दाखवला. तिचा चेहरा उतरला. "वाडीत कुठं आपटलात काय?" म्हणाली आणि आत गेली. नंतर तिने सांगितलं, त्या दिवशी तिने अर्धी गोळी केली. बंद करायचं धाडस झालं नाही.

त्याच आठवड्यात माझी ठरलेली तपासणी होती. रक्त देऊन मी परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्राजक्ताचा फोन आला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, अभ्यासाची गोळी आत्ता घेऊ नका. आजच्या आज या. तुमचं रक्त गोठायला फार वेळ लागतोय. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"देवाशपथ नाही," मी म्हणालो. खरंच बोलत होतो.

त्याच सकाळी लघवी तांबूस झाली होती, ते मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एकटे येऊ नका."

मांडव्याहून लाँच पकडली. मी सुलभाला हसवायला समालोचन करायला लागलो, "समुद्र शांत आहे, वारा पश्चिमेकडून..." ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "गप बसा ना वो जरा." तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे रोज म्हणते, पण या आवाजात नाही.

डॉक्टरबाईंची खोली

डॉक्टर सबनीसांनी मला तपासलं, पुन्हा रक्त घ्यायला लावलं, आणि मग शांतपणे बोलायला लागल्या. "विलासराव, तुम्हाला आता दाखल करते. पण मला एक कोडं सुटत नाही. हा परिणाम या नव्या गोळीचा असेल, तर ही गोळी आम्हाला वाटली तशी नाही. मला आजच वर कळवावं लागेल. तुम्हाला कुठली गोळी मिळते ते उघडून बघावं लागेल. कदाचित बाकीच्यांच्याही थांबवाव्या लागतील."

सुलभाने विचारलं, "बाकीचे म्हंजे?"

"तुमच्या यजमानांसारखेच. ठिकठिकाणचे. काहींना ही गोळी उपयोगी पडत असेल, तर त्यांचीही थांबेल. थांबल्यावर कुणाला गुठळी झाली तर..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं.

सुलभा माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "तुमच्या गोळीचं काय न्हाय त्यात. मीच देते त्यांना. जुनी."

मी हसलो! काय करणार, सवय. मला वाटलं, माझ्या नादाने हीसुद्धा किस्सा रचायला शिकली. मग तिने पिशवीतून रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि माझं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढता येईना.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती, कशी, कधीपासून. सुलभा म्हणाली, "अवसेनंतरच्या मंगळवारी कौल लावला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं." प्राजक्ताने मोबाइलवर अमावस्या शोधली आणि तारीख लिहिली. मग पेन थांबवून तिने विचारलं, "मॅडम, औषध सुरू करण्याचं कारण? इथे काय लिहू?"

बाईंनी थोडा विचार केला. "लिही, घरच्यांची काळजी."

मग त्या सुलभाला म्हणाल्या, "आता कारण कळलं, कुठली गोळी ते उघडून बघायची गरज नाही. बाकीच्यांचंही थांबवावं लागणार नाही. तुम्ही बोललात म्हणून."

सुलभा तेव्हा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते मला जमलं नाही, आणि तसं लिहिणंच बरं.

न बोलण्याचे दिवस

रक्त पुन्हा गोठायला लागावं म्हणून औषध दिलं, वॉर्डात ठेवलं. तोच मजला, खिडकी वेगळी. या वेळी मॅच झाली नाही. सुलभा सकाळी यायची, डबा ठेवायची, बसायची. मी डबा उघडायचो आणि चमचा घालण्याआधी नकळत पेज हुंगून बघायचो. तिने ते एकदा पाहिलं. तिने डबा ओढून घेतला, माझ्यासमोर दोन घास स्वतः खाल्ले आणि परत माझ्याकडे सरकवला.

त्यावर मला संताप आला. इतका की शेजारपाजारचे पलंग ऐकतील याचंही भान राहिलं नाही. "अगं, मी मेलो असतो! तुझ्या हातून!"

ती म्हणाली, "पहिल्यांदा पण माझ्याच हातून मरत व्हतात."

मला कळेना.

"त्या डॉक्टरनं सांगितलं ना, पाय चोळायचा नसतो म्हणून. मीच ढकलली ती गाठ वर. रोज ढकलली. तुमी हाय हाय करत व्हतात नि मी म्हणत व्हते, अजून जरा सोसा." तिने पदराने नाक पुसलं. "मग ते म्हणतात खोटी गोळी. देवी म्हणते खोटी गोळी. तुमी रोज पाटावर बसून म्हणता खडू. मी काय करायचं व्हतं? गप बसायचं?"

इतके महिने आम्ही एका घरात राहत होतो. एकाच आजारपणातून जात होतो. मी माझ्या श्वासाकडे बघत होतो आणि ती तिच्या हातांकडे.

डॉक्टर सबनीस राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, चोळल्यामुळेच गुठळी सरकली का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. न चोळताही सुटतात. तासन्‌तास बसून राहिल्याने झाली असेल, आणखी कशाने असेल. कुणालाच कळणार नाही." त्या गेल्यावर मला वाटलं, सुलभाला याने काय दिलासा मिळणार? पण ती म्हणाली, "म्हंजे त्यांना पण न्हाय म्हायती."

"नाही."

"नि त्या सांगतात पण की म्हायती न्हाय."

"तेच तर त्यांचं काम."

तिने डब्याचं झाकण लावलं. "अवघड हाय वो काम," म्हणाली.

मी आजवर या अभ्यासाला खेळ समजत होतो. खरी की खोटी, छापा की काटा. पण न कळणं सोसणं हीच त्यातली मेहनत होती. ती माझ्या वाट्याला आलीच नाही, कारण मी तिचे किस्से करून वाटून टाकले. सगळी सुलभाच्या वाट्याला आली, आणि तिच्याकडे कुणी संमती मागितली नव्हती.

गुरवनाना

घरी आल्यावर आम्ही दोघं देवळात गेलो. मला नानांशी दोन शब्द बोलायचेच होते. मी आवाज चढवून म्हणालो, "नाना, तुमच्या डाव्या कौलाने माझा निकाल लागला असता की!"

नाना दिव्यात तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनीनं देवीला काय विचारलं? गोळी खरी का खोटी. देवीनं तेवढंच सांगितलं. मग काय करायचं, ते विचारलं काय तिनं? ते डॉक्टरला विचारायचं व्हतं."

"मग देवी बरोबर होती की चूक?"

"तुला म्हायती हाय काय, खरी व्हती का खोटी?"

"नाही."

"मंग मला कशाला इचारतंस?"

सुलभा खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी.

बाकावर

मला अभ्यासाची गोळी पुन्हा दिली नाही. पण बाहेरही काढलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, जे झालं ते सगळं नोंदवायचं असतं, सोयीचं तेवढंच ठेवलं तर अभ्यास खोटा होतो. म्हणून तपासण्यांना मी जातोच. माइकही परत घेतला आहे, फक्त आता दर दोन ओव्हरनंतर शिडी उतरून एक फेरी मारतो आणि लोक त्यावरही टाळ्या वाजवतात.

तुमच्यापैकी कुणाला अशा अभ्यासात येता का म्हणून विचारलं असेल, तर माझं म्हणणं, जरूर विचार करा. प्रश्न विचारा, वेळ मागा, नको वाटलं तर नको म्हणा, मधेच सोडावंसं वाटलं तर सोडा. पण निर्णय एकट्याने घेऊ नका. तुमच्या पेजेत मीठ कोण घालतं, त्या माणसाला शेजारच्या खुर्चीत बसवा.

आता सुलभा दर वेळी सोबत येते. मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर पेणकडचं एक जोडपं बसलं होतं. नवरा नुकताच अभ्यासात आलेला. प्राजक्ताने आत बोलावून त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, दुसरं औषध, काढा, तेल, काही चालू आहे का. दार उघडंच होतं. तो म्हणाला, काही नाही. अगदी मनापासून म्हणाला. मीही तसाच म्हणालो होतो.

त्याची बायको बाकावरच थांबली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. सुलभा जरा सरकून तिच्याजवळ बसली. मी कान दिले. समालोचक आहे, कान देणं आलंच.

"आपण कुठल्या?" "पेणच्या अलीकडं." "मुलं?" "दोन." असं थोडं झालं. मग सुलभा, घरातली भाजी विचारावी तसं, म्हणाली, "तुमी काय देता त्यांना?"

त्या बाईने चमकून दाराकडे बघितलं. नवरा आत दंड पुढे करून बसला होता, त्याचं लक्ष नव्हतं. तिने पिशवी छातीशी धरली.

"म्हंजे?"

"मी पेजेत घालत व्हते," सुलभा म्हणाली. "मरता मरता वाचले हे."

आतून प्राजक्ताचा आवाज आला, "झालं दादा, कापूस दाबून धरा." तेव्हा त्या बाईने पिशवीची चेन उघडली, आत हात घातला, आणि कागदात बांधलेली एक पुडी काढून सुलभाच्या हातात दिली.

"भाकरीच्या पिठात," ती हळूच म्हणाली.

सुलभा उठली. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात त्या बाईचं मनगट. "चला," म्हणाली, "मी हाय सोबत. त्या ओरडत न्हाईत." आणि दोघी उघड्या दारातून आत गेल्या.